चेन ब्लॉक सरकला, दादाची दोन बोटं गेली. ठेकेदार स्टॅम्पपेपरवर सही मागतोय, द्यावी का?

धाकटी_बहीण | ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. माझा मोठा भाऊ हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये फिटर आहे, वय ३५. इतकी वर्षं तिथेच राबतोय, पण हजेरी ठेकेदाराकडे. कंपनीच्या मस्टरवर नाव नाही. ११ सप्टेंबरला दुपारच्या पाळीत दोन टनी चेन ब्लॉकवर (हातानं साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र) गिअरबॉक्स उचलून फ्रेमवर बसवायचा होता. गिअरबॉक्स फ्रेमच्या चार बोटं वर लटकलेला. भोकं जुळतात का बघायला दादानं हात घातला आणि साखळीला कोणाचा हात नसताना लोड खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. अनामिकेत तार घातली आहे, मनगट अजून वळत नाही. आता डाव्या हातानं जेवतो, आणि घरात कोणी आलं की ताट बाजूला सारतो.

तो ब्लॉक लोड धरत नाही हे पोळ्याच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. दादानं सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज केला होता, तो अजून फोनमध्ये आहे: "सर, दोन टनवाला सरकून रायला, दुसरा मागवा." उत्तर आलं, "या आठवड्यात चालवून घ्या."

ठेकेदारानं खाजगी दवाखान्याचं ८४ हजारांचं बिल भरलं, ते आम्ही नाकारत नाही. पण परवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सगळं टाइप करूनच घरी आला. माझ्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, साठ हजार रुपये रोख मिळाले, यापुढे ठेकेदार किंवा कंपनीविरुद्ध कोणताही दावा करणार नाही, असा मजकूर आहे. दिवाळीआधी पैसे हवे असतील तर पुढच्या रविवारपर्यंत सही पाहिजे म्हणाला. वहिनी म्हणते करून टाकू. खोलीचं भाडं थकलंय, पोराची फी भरायची आहे. मला पटत नाही, पण तिला थांबवायचं तर हातात काहीतरी ठोस पाहिजे.

कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही. मग आम्ही कोणाकडे जायचं? चेन ब्लॉक बनवणाऱ्यावर केस होते का? आणि हे सगळं नागपुरात कुठे चालतं?

कळमेश्वरचा_वेल्डर | ५ ऑक्टोबर

ताई, सही करू देऊ नका. आमच्या इकडच्या एका पोरानं असंच चाळीस हजारात लिहून दिलं. आता त्याचा खांदा वर जात नाही अन् ठेकेदारानं नंबर बदलवला. वहिनीले म्हणा, थोडी कळ काढा.

जुना_मेंटेनन्सवाला | ६ ऑक्टोबर

ताई, माझी सगळी नोकरी क्रेन, होइस्ट आणि चेन ब्लॉकच्या दुरुस्तीत गेली. आता जखमी पोरांसोबत कामगार न्यायालयात जाऊन बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साखळीला हात न लावता लोड खाली येतो म्हणजे ब्रेक गेलेला. चेन ब्लॉकच्या आत घर्षणाच्या चकत्या असतात, त्यांच्या मधोमध रॅचेटचं दातेरी चाक आणि त्या दातांत अडकणारा पॉल. लटकलेल्या वजनामुळेच त्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात आणि लोड जागच्या जागी थांबतो. चकत्या झिजल्या, पॉलची स्प्रिंग गेली, किंवा साखळीला तेल देताना ते आत ब्रेकपर्यंत उतरलं, की लोड सरकायला लागतो. आधी सुतासुतानं, मग एकदम. ब्लॉक उघडून बघितला की जाणकार माणसाला पाच मिनिटांत कळतं यातलं काय झालं होतं. चकत्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतील तर ते काही त्या दिवशी झालेलं नाही. तुमच्या दादाचा व्हॉइस मेसेज आणि त्या चकत्या एकच गोष्ट सांगतील.

म्हणून सगळ्यात आधी तो ब्लॉक वाचवा. अपघात झाला की दोन दिवसांत जुना माल भंगारात जातो आणि त्या जागी नवाकोरा टांगला जातो, हे मी शेडोशेडी बघितलं आहे. ब्लॉकच्या अंगावर किंवा हुकावर एक नंबर पंच केलेला असतो आणि किती वजनाला चालतो ते लिहिलेलं असतं. शेडमधल्या एखाद्या भरवशाच्या पोराला सांगून त्याचा फोटो मिळवा. हुकाचं तोंड उघडलं आहे का, हुकाची लॅच आहे का, तेही फोटोत दिसू द्या.

हा नंबर कशाला, तर फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम २९ मध्ये उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर आणि स्लिंग यांच्याबद्दल नेमकं सांगितलं आहे. माल निर्दोष आणि पुरेसा मजबूत हवा, देखभाल झालेली हवी, सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून निदान एकदा पूर्ण तपासणी हवी आणि तिची रजिस्टरला नोंद हवी. सक्षम व्यक्ती म्हणजे आपला सुपरवायझर नव्हे, त्याला सरकारी मान्यता लागते. त्या नंबरचा ब्लॉक रजिस्टरमध्ये नसेल तर कंपनीकडे उत्तर नाही. आणि हे कलम पाळायची जबाबदारी कारखान्यावर आहे. माणूस ठेकेदाराचा होता ही पळवाट इथं चालत नाही.

आता कामाला लागा. कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसह पत्र पाठवा: अमुक तारखेला अमुक ब्लॉकमुळे अपघात झाला, ब्लॉक आहे तसा जपून ठेवा, तपासणीचं रजिस्टर आणि सर्टिफिकेट दाखवा. त्याच पत्राची प्रत जोडून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आवक शिक्का घ्या. तोंडी सांगून येऊ नका. पुढे त्यांच्या तपासणीची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. दादाचा फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, तो व्हॉइस मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) नोंदली होती का तेही विचारा, कारण बरेचदा खाजगी दवाखान्यात "घरी पडला" असं लिहून घेतात.

आणि मला एक सांगा, दादाचा पगार किती? बँकेत जमा होतो का? ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का? वकील कोणताही गाठा, पहिला प्रश्न हाच विचारेल. सगळा रस्ता त्यावर ठरतो.

विदर्भ_ग्राहक | ६ ऑक्टोबर

एवढं कशाला? सरळ ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्याकडून भरपाई मिळते. वीस-पंचवीस लाखांचा दावा टाका, सोबत दिवाणी दावाही टाका. सगळीकडून दाबलं की देतात.

धाकटी_बहीण | ७ ऑक्टोबर

काका, मनापासून आभार. वहिनीनं तुमचं सगळं वाचलं. सही रविवारपर्यंत तरी नक्की होत नाही.

पगार महिन्याला २४ हजार, खात्यात जमा होतो. ओव्हरटाइम वेगळा, रोख. पावती कधी दिली नाही. ईएसआय कापत नाहीत, कार्ड नाही.

दादाच्या सोबतच्या पोराकडे दसऱ्याच्या मशीन पूजेचे फोटो आहेत. त्यात त्याच बीमवर नवा पिवळा ब्लॉक टांगलेला दिसतो, झेंडूची माळ घातलेला. जुना कुठे गेला ते विचारलं तर शेडच्या मागे भंगाराच्या ढिगात आहे म्हणे. आज रात्रपाळीत तो नंबरचा फोटो काढणार आहे. अपघाताच्या दिवसाच्या दवाखान्याच्या कागदावर एमएलसी लिहिलेलं आहे.

वकील_सिव्हिल_लाइन्स | ८ ऑक्टोबर

ताई, मी इथल्या कामगार न्यायालयात वकिली करते. वरचा दिवाणी दावा सोबत टाकण्याचा सल्ला कृपया ऐकू नका, तुमचं मोठं नुकसान होईल. का, ते सांगते.

तुमच्या दादाचा पगार २१ हजारांच्या वर आहे, म्हणून तो ईएसआयच्या बाहेर. त्याचा हक्क कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ खाली येतो. या कायद्याचा मोठा आधार असा की चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरेसं. मालकाला सुटायला तीनच वाटा आहेत: कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. हात लोडखाली घातला ही फार तर बेसावधपणाची गोष्ट झाली, आणि बेसावधपणा यात बसत नाही. उलट "या आठवड्यात चालवून घ्या" हा आदेश तर सुपरवायझरचाच आहे. काकांनी ब्लॉक आणि मेसेज जपायला सांगितलं ते यासाठीही मोलाचं आहे. व्हॉइस मेसेज कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, ते तुमचा वकील करून देईल.

"आमचा माणूस नाही" याला कलम १२ आहे. कंपनीनं आपल्या नेहमीच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं तर भरपाईची जबाबदारी कंपनीवरही येते. नंतर तिनं ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला. म्हणून नोटीस आणि अर्ज दोघांच्याही नावानं करा.

आता आकडा. पगार कितीही जास्त असला तरी या कायद्यात हिशेबाला महिन्याचे १५ हजारच धरतात, ३ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले वयाचा गुणक. ३५ वर्षांना तो १९७.०६ आहे. येतात १७,७३,५४० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर त्यातली टक्केवारी मिळते. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या अनुसूचीत २० टक्के लिहिले आहेत, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. ही तुमच्या दोन बोटांची किंमत झाली. अनामिका आणि मनगट अनुसूचीत असे थेट येत नाहीत, त्यांच्यामुळे कमाईची क्षमता किती गेली हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. समजा सगळं मिळून ५० टक्के ठरलं, तर ८,८६,७७० होतात. ठेकेदार साठ हजारांवर सही का मागतोय ते वहिनींना या आकड्यांवरून कळेल.

टक्केवारी म्हणजे शरीराचं मोजमाप नाही, कमाईचं आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंह देव यांच्या खटल्यात कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराला १०० टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. फिटरच्या उजव्या हाताबद्दल तसाच युक्तिवाद करता येतो. १०० टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण २० वर थांबू नका.

याशिवाय दादा घरी बसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला १५ हजारांच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये आत्तापासून मागता येतात. भाड्याची चणचण आहे म्हणून हे आधी मागा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानंच द्यायचा असतो, आणि ठेकेदारानं भरलेले ८४ हजार भरपाईतून कापता येत नाहीत. तो कापायला बघेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

स्टॅम्पपेपरबद्दल: कामगारानं आपला हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. तरी सही नकोच. "माझ्या हलगर्जीपणामुळे" हे वाक्य पुढची सगळी वर्षं तुमच्यासमोर धरलं जाईल. खरोखर तडजोड करायची असेल तर ती या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांसमोर नोंदवून होते, त्यासाठी ठेकेदारानं स्टॅम्प घेऊन घरी यायची गरज नाही.

आता दिवाणी दाव्याचं. कलम ३ चं पोटकलम ५ वाचा. त्या इजेसाठी मालकावर "किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीवर" दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला, तर या कायद्याखालचा हक्कच जातो. अन्य कोणतीही व्यक्ती, म्हणजे चेन ब्लॉक बनवणारा आणि त्याचं सर्व्हिसिंग करणारा एजंटही त्यात आला. उलट बाजूनंही तसंच, आयुक्तांपुढे अर्ज केला की दिवाणी दावा बंद. दोन दारं आहेत, एकच उघडता येतं. दिवाणीत १५ हजारांची मर्यादा नाही, रक्कम मोठी मागता येते, पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, कोर्ट फी लागते आणि वेळ फार जातो. ज्याच्या घरात चूल थांबली आहे त्याला मी पहिलं दार सांगते.

ग्राहक आयोगाचं दार दिसतं तेवढं सोपं नाही. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, हे बरोबर. पण ब्लॉक कंपनीनं धंद्यासाठी विकत घेतला, तुमचा दादा ग्राहक कसा, यावरच पहिली लढाई होते. कलम ८७ मध्ये तर बनवणाऱ्याला थेट बचाव दिला आहे: वस्तू मालकानं कामाच्या ठिकाणासाठी घेतली आणि सूचना मालकाला दिल्या होत्या, तर सूचना अपुऱ्या होत्या म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याहून मुख्य म्हणजे इथे दोष कारखान्यातून आलेला दिसत नाही, देखभाल न केल्यानं आलेला दिसतो. नवीन ब्लॉकचा हूक पहिल्याच आठवड्यात तडकला असता तर मी वेगळा सल्ला दिला असता.

अर्ज इथल्या कामगार न्यायालयातच करायचा, तिथले न्यायाधीश आयुक्त म्हणून काम बघतात. मुदत अपघातापासून दोन वर्षं, पण दोन वर्षं आहेत म्हणून थांबू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

पोलिसांकडेही तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ गंभीर दुखापतीसाठी आणि कलम २८९ यंत्राबाबतच्या निष्काळजीपणासाठी. भरपाईचे पैसे त्यातून मिळत नाहीत, पण पंचनामा होतो आणि ब्लॉक जप्त होऊ शकतो.

कळमेश्वरचा_वेल्डर | ८ ऑक्टोबर

मॅडम, माझा पगार साडेचौदा हजार. शेडमध्ये आम्ही पंचवीस-तीस जण. ईएसआय कापत नाहीत, कार्ड नाही. उद्या मला काही झालं तर मीपण याच कायद्यात जायचं का?

वकील_सिव्हिल_लाइन्स | ८ ऑक्टोबर

नाही दादा, आणि बरं झालं विचारलंत, कारण इथे बऱ्याच जणांचे अर्ज फेटाळले जातात. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१ हजारांपर्यंत, तर कायद्यानं तुम्ही विमाधारकच. ठेकेदारानं नाव नोंदवलं की नाही, पैसे भरले की नाही, यानं फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं भारगत इंजिनिअरिंगच्या प्रकरणात हेच सांगितलं. आणि विमाधारक असला की ईएसआय कायद्याचं कलम ५३ मालकावरची भरपाईची वाट बंद करतं, दिवाणी दाव्याचीसुद्धा.

म्हणजे हात रिकामे राहतात असं नाही. काम बंद असलेल्या काळात पगाराच्या ९० टक्के दरानं पैसे मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात, ते जन्मभर. एकरकमी चार लाखांपेक्षा तरुण माणसाला हे बहुधा जास्त पडतं. मालकानं हप्ते भरले नसतील तर ईएसआय महामंडळ कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. काम बंद असतानाचा हा लाभ सुरू असताना कामावरून काढता येत नाही.

आजच बघा: १४,५०० वर कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के, म्हणजे १०९ रुपये. पगाराच्या पावतीत ही कपात नसेल तर सगळ्यांनी मिळून ईएसआयच्या कार्यालयात लेखी कळवा. अपघात झाल्यावर नाव नोंदवायला धावणं फार जड जातं. आणि कलम ५३ मालकाबद्दल आणि त्याच्या नोकरांबद्दल बोलतं, यंत्र बनवणाऱ्याबद्दल नाही. त्यामुळे यंत्राचा दोष खरोखर कारखान्यातूनच आलेला असेल, तर ईएसआयवाल्या कामगाराला बनवणाऱ्यावर दावा करायची वाट उघडी राहते.

बुटीबोरी_रिगर | ९ ऑक्टोबर

आमच्याकडे चेन ब्लॉक कमी, हायड्राच (चाकांवरची फिरती क्रेन) जास्त. हायड्राचा बूम, म्हणजे उचलायचा दांडा, पडून इजा झाली तर हेच लागू का?

वकील_सिव्हिल_लाइन्स | ९ ऑक्टोबर

हायड्रा हे मोटार वाहन आहे, त्यामुळे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचीही वाट असू शकते. तिथे १५ हजारांची मर्यादा नाही. मात्र दोन्हीपैकी एकच निवडायचं, आणि १ एप्रिल २०२२ पासून तिथली मुदत सहा महिने आहे. जागा सार्वजनिक होती का यावर विमा कंपनी भांडते. हायड्राचा नंबर, आरसी आणि विम्याची प्रत त्याच दिवशी फोटोत घ्या.

धाकटी_बहीण | ७ डिसेंबर २०२५

बरेच दिवसांनी लिहितेय. सही केली नाही. वहिनीनं शाळेत जाऊन फी हप्त्यानं भरायची सोय केली, भाड्याचं मी बघितलं. दिवाळी साधीच झाली.

नंबरचा फोटो मिळाला. दोन्ही पत्रांची पोचपावती आली. तक्रारीनंतर अधिकारी शेडमध्ये येऊन गेले. जुना ब्लॉक भंगारातच होता, हूक वेगळा काढून ठेवलेला, पण अंगावरचा नंबर फोटोशी जुळला. रजिस्टरमध्ये त्या नंबरची नोंद नाही असं दादाच्या सोबतच्याला समजलं, माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाले.

आता कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. २१ नोव्हेंबरपासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या, १९२३ चा कायदा रद्द झाला, म्हणून तुमची नोटीस गैरलागू. आम्ही दोघी घाबरलो. खरं आहे का हे?

वकील_सिव्हिल_लाइन्स | ७ डिसेंबर

संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या हे खरं. त्यामुळे तुमचा हक्क गेला हे खोटं. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होतो, प्रताप नारायणच्या निकालातही तेच आहे. तुमचा अपघात ११ सप्टेंबरचा. कायदा नंतर रद्द झाला तरी आधी निर्माण झालेला हक्क टिकतो. तुमच्या वकिलांना एवढंच उत्तर द्यायला सांगा आणि अर्ज आता दाखल करा. ज्यांचा अपघात २१ नोव्हेंबरला किंवा त्यानंतरचा आहे त्यांनी मात्र सामाजिक सुरक्षा संहितेतली कलमं बघूनच नोटीस काढावी, वरचे कलम क्रमांक तसेच्या तसे उचलू नयेत.

तार निघाल्यावर आणि फिजिओथेरपी संपल्यावरच टक्केवारीचं प्रमाणपत्र घ्या. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला यावं लागतं, तेव्हा आधी विचारून घ्या.

जुना_मेंटेनन्सवाला | ८ डिसेंबर

ताई, वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी फार धीर धरला.

मॅडमच्या बोलण्याला जोडून एक. डॉक्टरकडे जाताना दादाचा नेहमीचा रिंग पाना, हातोडी आणि एक मोठा नट-बोल्ट पिशवीत घाला. डॉक्टर बोटं मोजतात, सांध्याचा कोन मोजतात. फिटर दिवसभर काय करतो ते त्यांना माहीत नसतं. त्यांच्यासमोर दादाला पाना धरून बोल्ट आवळायला सांगा, उजव्या हातानं, नाहीच जमलं तर डाव्या. पकड सुटते ती किती वजनाला सुटते, डोक्याच्या वर हात नेऊन काम जमतं का, बारीक वॉशर उचलता येतो का, हे सगळं प्रमाणपत्रात शब्दांत लिहून मागा. वीस आणि पन्नास टक्क्यांमधला फरक तिथेच पडतो. तारीख कळवा, मी सोबत येतो.